तोंड एक, ताकद अनेक

युरोपीय संघाचा समान चार्जरविषयीचा कायदा २८ डिसेंबर २०२४ पासून अमलात आला. मोबाइल फोन, टॅब्लेट, डिजिटल कॅमेरे, हेडफोन अशा उपकरणांना तारेने चार्ज करावयाचे असेल तर त्यांना यूएसबी टाइप-सी, म्हणजे आपल्या बाजाराच्या भाषेत 'सी-टाइप', हेच तोंड असले पाहिजे, असे हा कायदा सांगतो. लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरविण्यात आली. या कायद्याचे स्वागत सुटकेच्या भावनेने झाले आणि ते स्वाभाविकच होते. ज्या घरात चार माणसे आणि पाच प्रकारचे चार्जर आहेत त्या घराला याचे महत्त्व समजावून सांगावे लागत नाही. तथापि या स्वागताच्या भरात एक गोष्ट मागे राहिली. कायद्याने तोंडाचा आकार ठरविला, त्यातून आत जाणाऱ्या विजेचे नियम ठरविले. त्याच तोंडातून बाहेर येऊ शकणाऱ्या चित्राविषयी मात्र तो काहीही बोलत नाही. टॅब्लेट प्रोजेक्टरला किंवा मोठ्या पडद्याला जोडता येईल की नाही, हे उत्पादकाच्या मर्जीवर सोडलेले आहे. ज्याला पाच-सहा वर्षांतून एकदाच असे उपकरण घेणे परवडते त्याच्या दृष्टीने ही उणीव लहान नाही.

ही उणीव कशी निर्माण झाली हे समजण्यासाठी टॅब्लेटच्या जोडणीचा थोडा इतिहास पाहणे आवश्यक आहे. ॲपल कंपनीचा पहिला आयपॅड २०१० मध्ये आला तेव्हा त्याच्या बुडाशी तीस पिनांची एक रुंद, चपटी खाच होती. ती काही आयपॅडसाठी निर्माण केलेली नव्हती. २००३ पासून आयपॉड या संगीतयंत्राला हीच जोडणी होती आणि तिच्याभोवती तारा, ध्वनिसंच, मोटारीत बसविण्याची साधने यांचा मोठा बाजार उभा राहिला होता. तीस पिनांना आपापली कामे वाटून दिलेली होती: काही विजेसाठी, काही माहितीच्या देवाणघेवाणीसाठी, काही ध्वनीसाठी, काही चित्रासाठी. व्यवस्था जुन्या वाड्यासारखी ऐसपैस होती. प्रत्येक कामाला स्वतंत्र खोली. २०११ च्या दुसऱ्या आयपॅडला ३९ डॉलरांचा एक जोड लावला की त्याच्या पडद्यावरील चित्र जसेच्या तसे दूरदर्शन संचावर उमटत असे. विजेची बाजू मात्र लंगडी होती. पहिल्या आयपॅडसोबत १० वॉटचा चार्जर मिळे, पण संगणकाच्या नेहमीच्या यूएसबी खाचेतून जेमतेम अडीच वॉट मिळत असल्याने अनेकांना आपल्या पडद्यावर 'चार्ज होत नाही' अशी सूचना वाचावी लागे.

सप्टेंबर २०१२ मध्ये ॲपलने आयफोनसाठी लाइटनिंग ही नवी जोडणी आणली आणि ऑक्टोबरमध्ये ती आयपॅडलाही लावली. तिसरा आयपॅड त्याच वर्षी मार्चमध्ये आलेला होता. म्हणजे सात महिन्यांपूर्वी ज्यांनी हजारो रुपये मोजले त्यांची जोडणी सात महिन्यांत जुनी झाली. नवी जोडणी लहान, मजबूत, आणि कोणत्याही बाजूने घातली तरी बसणारी होती, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु तीस पिनांच्या जागी आता आठ पिना आल्या होत्या. वाड्यातील माणसे एका खोलीत राहावयास आली, आणि सर्वांत अडचण झाली ती चित्राची.

येथे थोडा हिशेब करणे इष्ट ठरेल. आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके, प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी २४ बिट, आणि सेकंदाला ६० चित्रे असे धरले तर संकोच न केलेल्या चित्रासाठी सेकंदाला सुमारे ३०० कोटी बिट वाहून न्यावे लागतात. त्या काळच्या लाइटनिंगची वाट यूएसबी २.० ची, म्हणजे अधिकात अधिक ४८ कोटी बिटांची. सहापट पाणी त्याच पाटातून न्यावयाचे होते. यावर जो उपाय काढण्यात आला तो तांत्रिक चातुर्याचा नमुना आहे, पण त्याचबरोबर आर्थिक दृष्ट्याही मोठा बोधप्रद आहे. आयपॅड चित्र दाबून, लहान करून बाहेर पाठवी आणि ४९ डॉलरांच्या जोडात बसविलेला एक छोटा संगणक ते पुन्हा उलगडून दूरदर्शन संचाला देई. पॅनिक या सॉफ्टवेअर कंपनीतील मंडळींनी २०१३ मध्ये चित्रात दिसणाऱ्या पुसट डागांचे कारण शोधण्यासाठी असा एक जोड करवतीने कापून पाहिला, तेव्हा आत हा संगणक सापडला. जुन्या जोडातून जे चित्र सरळ जात होते ते नव्या, अधिक महाग जोडातून किंचित मळून आणि किंचित उशिराने जाऊ लागले. प्रगतीचा हा टप्पा ग्राहकाच्या खिशातूनच पार पडला.

अर्थशास्त्रात अशा खर्चाला बदलखर्च म्हणतात. एक वस्तू सोडून दुसरी घेताना नव्या वस्तूच्या किमतीखेरीज जे जे काही मोजावे लागते, उदाहरणार्थ निरुपयोगी झालेल्या तारा, पुन्हा घ्यावे लागणारे जोड, नव्याने शिकण्यात गेलेला वेळ, ते सर्व या खात्यावर पडते. दाढीचे यंत्र स्वस्त विकून पात्यांवर नफा मिळविण्याची युक्ती जुनीच आहे. पण यंत्र आणि पाती यांच्यामधील खाच ज्याच्या मालकीची, त्याला पात्यांच्या बाजारावर जकात बसविता येते. लाइटनिंगची उपसाधने बनविणाऱ्या इतर कंपन्यांना ॲपलचा परवाना घ्यावा लागे, त्यासाठी मोबदला द्यावा लागे, आणि तारेत ओळख पटविणारी एक चकती बसवावी लागे. तीस पिनांवरून लाइटनिंगवर येण्यासाठी जो साधा जोड लागे त्याची किंमत २९ डॉलर होती. जोडणी बदलणे हा अभियांत्रिकीचा निर्णय असतो हे खरे; पण तो केव्हा करावयाचा आणि त्याचा भुर्दंड कोणी सोसावयाचा, हे ठरविताना हिशेबनीस अभियंत्याच्या शेजारी बसलेला असतो.

हा दोष एकट्या ॲपलचा होता असे मात्र नव्हे. सॅमसंगच्या २०१० च्या गॅलेक्सी टॅबलाही तीस पिनांचीच, दिसावयास ॲपलसारखी परंतु तिच्याशी न जुळणारी खाच होती. गूगलच्या नेक्सस ७ या टॅब्लेटच्या २०१२ च्या आवृत्तीतून तारेने चित्र बाहेर येतच नव्हते. २०१३ च्या आवृत्तीतून येऊ लागले, पण त्यासाठी निराळ्या जातीचा जोड हवा होता. मायक्रोसॉफ्टच्या सरफेस प्रो मालिकेत चित्रासाठी एक खाच आणि चार्जिंगसाठी कंपनीची स्वतःची दुसरी खाच, अशी विभागणी अनेक वर्षे चालली. २०१९ च्या सरफेस प्रो ७ मध्ये चित्राची जुनी खाच जाऊन तिच्या जागी सी-टाइप आली.

सी-टाइपचा आराखडा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला होता. चोवीस पिना, उलटी-सुलटी कशीही बसणारी रचना, आणि मुख्य म्हणजे वेगवान तारांच्या चार जोड्या, ज्या प्रसंगानुसार माहितीसाठी किंवा चित्रासाठी वापरता येतात. त्याच वर्षी डिस्प्लेपोर्ट या चित्रवहनाच्या पद्धतीला या तोंडातून वाट मिळाली. वीजपुरवठ्याचे नियमही पालटले: टॅब्लेट आणि चार्जर आधी आपसात बोलणी करतात आणि किती दाबाने किती वीज द्यावयाची ते ठरवितात. आरंभी १०० वॉटपर्यंत आणि २०२१ पासून २४० वॉटपर्यंत ही मजल गेली आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये ॲपलने आपल्या आयपॅड प्रोवरील लाइटनिंग काढून टाकून सी-टाइप स्वीकारले, तेव्हा त्या टॅब्लेटला संगणकाचा मोठा पडदा थेट जोडता येऊ लागला. मधल्या संगणकाची गरज उरली नाही. गंमत अशी की आयफोनवर लाइटनिंग पुढे पाच वर्षे टिकून राहिली. टॅब्लेटच्या बाबतीत ग्राहकाची सोय आणि कंपनीची सोय एकत्र आली होती, फोनच्या बाबतीत ती आली नव्हती. सप्टेंबर २०२३ मध्ये आयफोनही सी-टाइपवर आला, पण तोवर युरोपातील कायदा संमत होऊन चुकला होता.

त्या कायद्याच्या जन्माची कथाही लक्षात घेण्याजोगी आहे. २००९ मध्ये युरोपीय आयोगाने फोन उत्पादकांकडून स्वेच्छेचा करार करून घेतला. आयोगाच्याच सांगण्यानुसार त्या वेळी चार्जरचे सुमारे तीस प्रकार होते. ते घटून तीनवर आले. परंतु तिनाचा एक काही होईना. अखेर सप्टेंबर २०२१ मध्ये कायद्याचा प्रस्ताव आला आणि ४ ऑक्टोबर २०२२ रोजी युरोपीय संसदेने तो ६०२ विरुद्ध १३ अशा मतांनी उचलून धरला. टाकून दिलेल्या व न वापरलेल्या चार्जरांमुळे युरोपात दरवर्षी सुमारे ११,००० टन इलेक्ट्रॉनिक कचरा होतो, आणि सुटे चार्जर घेण्यावर ग्राहक वर्षाला २४० कोटी युरो खर्च करतात, असा आयोगाचा अंदाज होता.

कायद्याने जोडणी ठरवून दिली तर नवे शोध खुंटतील, असा आक्षेप ॲपलने घेतला होता. हा आक्षेप स्वार्थातून आला म्हणून तो खोटा ठरत नाही. २००९ चा करार मायक्रो-यूएसबीच्या बाजूचा होता. तो स्वेच्छेचा न राहता त्याच वेळी कायदा झाला असता, तर ती एकाच बाजूने जाणारी, लवकर ढिली पडणारी पिन कदाचित आणखी दहा वर्षे आपल्या नशिबी आली असती. युरोपीय कायद्याने आयोगाला मानक बदलण्याचा अधिकार ठेवला आहे, ही त्यावरील तोड होय. ती वेळेवर वापरली जाईल किंवा नाही हे पुढे दिसेल. पण ज्या कंपनीने २०१२ मध्ये आपली जोडणी पुढील दशकासाठी असल्याचे जाहीर केले आणि पुरते एक दशक चित्रवहनाच्या दृष्टीने अपुरी ठरलेली ती जोडणी आपल्या फोनांवर कायम ठेवली, तिने शोध खुंटण्याची चिंता वाहावी यात थोडा विनोद आहे.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. आपल्या घरातील विजेच्या प्लगांकडे पाहावे. दिवा, पंखा, इस्त्री यांचा ६ अँपिअरचा प्लग लहान आणि गीझरचा १६ अँपिअरचा प्लग मोठा असतो. मोठा प्लग लहान खाचेत जातच नाही. ब्रिटिश अमदानीतून आलेल्या या व्यवस्थेत एक शहाणपण आहे: आकारच क्षमता सांगतो. अशिक्षित मनुष्यालाही ती वाचता येते. सी-टाइपने नेमके हेच शहाणपण गमावले. १८ ऑक्टोबर २०२२ या एकाच दिवशी ॲपलने दोन आयपॅड जाहीर केले. एक साधा, दुसरा प्रो; दोहोंना तोंड सी-टाइपचेच. साध्याच्या तोंडातून माहितीचा वेग सेकंदाला ४८ कोटी बिट, म्हणजे जुन्या लाइटनिंगइतकाच. प्रोच्या तोंडातून ४,००० कोटी बिट. ऐंशी पटींहून अधिक अंतर असलेल्या दोन खाचा समोरासमोर ठेवल्या तर डोळ्यांना एकच दिसतात. त्यातल्या त्यात साध्या आयपॅडमधून निदान चित्र तरी बाहेर येत होते. (त्याची पेन्सिल मात्र लाइटनिंगचीच राहिल्याने तिच्यासाठी ९ डॉलरांचा आणखी एक जोड होताच.) स्वस्त अँड्रॉइड टॅब्लेटांच्या मोठ्या वर्गात सी-टाइप खाच असूनही तिच्यातून चित्र येत नाही, कारण आत चित्राच्या तारा जोडलेल्याच नसतात.

तारेची कथा आणखी निराळी. सी-टाइपची साधी तार ६० वॉटपर्यंत वीज नेते. त्यापुढे जावयाचे तर तिच्यात आपली क्षमता सांगणारी चकती असावी लागते. चार्जिंगसाठी म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच तारांमध्ये त्या वेगवान चार जोड्या नसतातच, त्यामुळे त्यांतून चित्र जाणे शक्य नसते. तेव्हा टॅब्लेट समर्थ, पडदा समर्थ, आणि मधली तार असमर्थ, असाही प्रकार घडतो. आमच्या महाविद्यालयातील एका वर्गात सहकारी प्राध्यापकांनी अशाच तीन तारा लावून पाहिल्या, चौथीने पडदा उजळला. तोवर तासातील वीस मिनिटे गेली होती. चारही तारा दिसावयास सारख्याच होत्या.

जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. प्रसिद्ध होण्यापूर्वी तो तीन नियतकालिकांनी नाकारला होता आणि पुढे २००१ मध्ये त्याच विषयातील कामासाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, ही गोष्ट विद्यार्थ्यांना सांगण्यासारखी आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: ग्राहकाला चांगल्या आणि वाईट मालातील फरक खरेदीच्या वेळी कळत नसेल, तर तो चांगल्या मालाची पूर्ण किंमत देण्यास तयार होत नाही, मग चांगला माल विकणारा हळूहळू बाजारातून बाहेर पडतो आणि वाईट मालच उरतो. पूर्वी खाचा निरनिराळ्या होत्या तेव्हा गैरसोय होती, परंतु निदान फरक डोळ्यांना दिसत होता. आता खाच एकच झाल्याने फरक खोक्याच्या आत गेला आहे. चित्र बाहेर देण्याची सोय ठेवणाऱ्या उत्पादकाला खर्च अधिक येतो आणि त्याचे श्रेय मिळत नाही. ती सोय वगळणाऱ्याचे मात्र काही बिघडत नाही. समान मानकाने एक अडचण सोडविताना ही दुसरी निर्माण केली आहे, आणि तिचा उपाय मानक रद्द करणे हा नसून माहिती सक्तीची करणे हा आहे.

विजेपुरता हा उपाय युरोपने केलेलाही आहे. उपकरणाला कमीत कमी आणि अधिकात अधिक किती वॉट लागतात, वीजपुरवठ्याची ती बोलणीची पद्धत त्यात आहे काय, आणि खोक्यात चार्जर आहे काय, हे चिन्हांनी दाखविणे तेथे बंधनकारक आहे. चित्रासाठी असे चिन्ह नाही. यूएसबीचे आराखडे ठरविणाऱ्या संस्थेने तारांवर वॉट आणि वेग छापण्याची चिन्हे २०२२ मध्ये सोपी केली, पण ती वापरणे ऐच्छिक आहे. आणि ऐच्छिक चिन्ह ज्याच्या सोयीचे असते तोच छापतो.

आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोने जानेवारी २०२३ मध्ये सी-टाइपचे भारतीय मानक प्रसिद्ध केले. तत्पूर्वी नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने बोलाविलेल्या बैठकीत फोन, टॅब्लेट आणि लॅपटॉप यांसाठी सी-टाइपवर उद्योगांचे एकमत झाले होते. मानक प्रसिद्ध झाले म्हणजे ते सक्तीचे झाले असे नव्हे. आणि सक्ती झाली तरी ती पुन्हा तोंडापुरतीच राहण्याचा संभव आहे, कारण भारताने स्वीकारलेले मानक आंतरराष्ट्रीय मानकाचीच आवृत्ती आहे व त्यात चित्रवहन ऐच्छिक आहे. तेथेच आपण युरोपच्या एक पाऊल पुढे जावयास हरकत नाही. वेष्टनबंद मालावर वजन, किंमत आणि उत्पादनाचा महिना छापण्याची सक्ती आपल्या वजनमापांच्या कायद्यात पूर्वीपासून आहे. शीतकपाटावर किती तारे आहेत हे पाहून खरेदी करावयास आपला मध्यमवर्ग गेल्या पंधरा-वीस वर्षांत उत्तम शिकला आहे. त्यासाठी त्याला विद्युत अभियांत्रिकी शिकावी लागली नाही. टॅब्लेटच्या आणि तारेच्या खोक्यावर 'इतके वॉट' आणि 'चित्र बाहेर जाते' किंवा 'जात नाही' एवढे मराठीत, हिंदीत किंवा नुसत्या चिन्हाने छापणे याहून अवघड नाही. त्याचा खर्च शाईपुरता आहे.

सरकारी खरेदीसाठी तर कायद्याचीही वाट पाहण्याचे कारण नाही. महाराष्ट्रात 'महाज्योती'सारखी संस्था स्पर्धापरीक्षांच्या तयारीसाठी विद्यार्थ्यांना टॅब देते. अनेक जिल्हा परिषद शाळा लोकवर्गणीतून प्रोजेक्टर आणि टॅब घेऊन 'डिजिटल' झाल्या. विद्यार्थ्याला एकट्याने वाचावयाच्या टॅबमधून चित्र बाहेर आले नाही तरी फारसे बिघडत नाही. पण शिक्षकाच्या हातातील टॅब चाळीस मुलांना दिसला पाहिजे. निविदेत पडद्याचे इंच, स्मृती आणि बॅटरी यांचे आकडे बारकाईने लिहावयाचे आणि जोडणीपुढे 'सी-टाइप' एवढाच शब्द घालावयाचा, यातून सर्वांत कमी दराचा पुरवठादार चित्राच्या तारा नसलेला टॅब देणार हे उघड आहे, आणि निविदेच्या अक्षरानुसार त्याचे काही चुकलेले नसेल. मग वर्गात चित्र दाखविण्यासाठी बिनतारी यंत्र घ्यावे लागते, त्याला इंटरनेट किंवा वाय-फाय लागते, आणि ज्या शाळेत विजेचाच भरवसा नाही तेथे ते खोक्यातच राहते.

याकरिता निविदेत तीन ओळी पुरे आहेत: टॅबच्या सी-टाइप तोंडातून चित्र बाहेर आले पाहिजे, ते येत असतानाच टॅब चार्जही होत राहिला पाहिजे, आणि त्यासाठी लागणारा जोड व तार त्याच किमतीत मिळाली पाहिजे. यांतील दुसरी अट सहज विसरली जाते. खाच एकच असल्यामुळे तिच्यात प्रोजेक्टरची तार गेली की चार्जरला जागा उरत नाही, आणि दोन्ही एकदम घेणारा जोड थोडा महाग असतो. माल ताब्यात घेताना एक नग शाळेच्याच प्रोजेक्टरला लावून पाहण्यास पाच मिनिटे लागतात. जेथे प्रोजेक्टर जुने आहेत, त्यांना एचडीएमआय नसून केवळ व्हीजीएची निळी खाच आहे, तेथील जोडाची किंमतही याच निविदेत धरावी लागेल. ती मागाहून निघाली तर शाळेच्या सादिल अनुदानातून किंवा शिक्षकाच्या खिशातून जाते.